पंच हौदाचे देवालय आणि चहाचा एक पेला

आम्हां हातकणंगल्याकडील ख्रिस्ती मंडळींचे पुण्याशी नाते जुने आहे. आमचा कोल्हापूर जिल्हा २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांतात समाविष्ट झाला. त्यापूर्वी आम्ही पुणे धर्मप्रांताचेच होतो. तरीही पुण्यास गेल्यावर गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयात आमच्यापैकी किती जणांनी पाऊल टाकले असेल? ‘ते अँग्लिकनांचे’ एवढे म्हणून आम्ही पुढे जात आलो. त्या देवालयाची कथा मात्र आपणां सर्वांच्या घरची आहे.

इंग्लंडमध्ये १८३३ नंतर ऑक्सफर्ड येथे एक धार्मिक चळवळ उभी राहिली. प्राचीन ख्रिस्तसभेचा उपासनाविधी, संस्कार व व्रतस्थ जीवन अँग्लिकन सभेत पुन्हा रुजावे, ही तिची तळमळ होती. याच प्रेरणेतून १८६६ साली फादर बेन्सन यांनी ऑक्सफर्डनजीक काउली येथे संत योहान सुवार्तिकाचा व्रतस्थ संघ स्थापिला. या संघाचे धर्मगुरू १८७० च्या दशकात मुंबई व पुण्यास आले. पाठोपाठ १८७७ साली वाँटेजच्या धर्मभगिनी आल्या. छावणीतील गोऱ्यांसाठी पुण्यात सेंट मेरीचे देवालय १८२५ पासून होते. पण या मंडळींनी छावणी सोडून शहरातील पेठेत बिऱ्हाड केले. तेव्हाच्या वेताळ पेठेत पंच हौदाजवळ शाळा आणि आश्रम उभे राहिले, आणि १८८५ च्या सुमारास देवालय पूर्ण झाले. पुढे त्याच्या शेजारी उंच, स्वतंत्र घंटाघर बांधण्यात आले. त्यातील आठ घंटा इंग्लंडमधील लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आहेत. योगायोग असा की, १८८६ साली पोप तेरावे लिओ यांनी आपला पुणे धर्मप्रांत स्थापन केला. एकाच शहरात, एकाच सुमारास, दोन वेदी उजळल्या.

या मिशनशी जोडलेले मोठे नाव म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. हे चित्पावन ब्राह्मण पंडित काशीस वाढले. ख्रिस्ती मताचे खंडन करावे म्हणून त्यांनी शास्त्रार्थ आरंभिला आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले. घरदार, जात, मान सारे सुटले. १८९५ साली ते प्रभूघरी गेले. त्यांच्याच युक्तिवादाने पंडिता रमाबाईंच्या शंका फिटल्या, असे रमाबाईंनी स्वतः नमूद केले आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली वाँटेजच्या भगिनींच्या आश्रमात झाला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. पण मतभेदाच्या वेळी आजीबाईंनाही त्या खडे सवाल करीत. ख्रिस्ताच्या अनुयायांत इतके पंथ का, हा त्यांचा एक प्रश्न होता.

आता चहाची गोष्ट. ऑक्टोबर १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले त्यांत होते. मिशनतर्फे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली आणि शहर पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी नेमली गेली. टिळकांनी काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला दिला. रानड्यांनी १८९२ साली, मित्रांच्या अडचणीकडे पाहून, प्रायश्चित्त घेतले. इतक्या थोर माणसांना एका पेल्यापायी वाकावे लागले, तर त्याच पंगतीत कायमचे बसलेल्या गोरेशास्त्रींनी काय सोसले असेल, याची कल्पना करावी.

आणि आपण? १८९६ साली पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन दीक्षा ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. तो सिद्धांताचा प्रश्न होता; पण त्याआडून आम्ही शेजारधर्मही विसरलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली अँग्लिकन बांधवांचा विशेष आदराने उल्लेख केला. १९६६ साली पोप सहावे पौल यांनी आर्चबिशप रॅम्झी यांच्या हाती स्वतःची अंगठी दिली. इकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन व अन्य सभा एकत्र येऊन उत्तर भारताची ख्रिस्तसभा साकारली. पंच हौदाचे देवालय आज तिच्या पुणे धर्मप्रांताचे प्रमुख मंदिर आहे.

दीक्षेविषयीचा मतभेद विद्वान सोडवोत. चहाचा पेला मात्र आपल्याच हाती आहे. लग्नसंबंध जुळविताना पूर्वीची जात हळूच विचारणारे ख्रिस्ती घर आपल्यात नाही, असे छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणवत नाही. १८९० च्या पुण्याला हसण्यापूर्वी आपण आपल्या माजघरात डोकवावे. पुढच्या खेपेस पुण्यास जाल तेव्हा, वाचकहो, गुरुवार पेठेत घटकाभर थांबा, त्या देवालयात गुडघे टेका आणि गोरेशास्त्रींसाठी एक ‘हे आमच्या बापा’ म्हणा.