तारेचा स्वर विझू नये म्हणून: देवगिरी ते ई-बो

१/ इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की स्वर उमटतो आणि काही क्षणांत विरतो. तो वादकाला हवा तितका वेळ टिकावा, यासाठी गेल्या साठ वर्षांत अनेक उपकरणे घडली. त्यांची तुलना करणारा हा धागा आहे. मात्र आरंभ अमेरिकेत न करता आपल्या शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवरील देवगिरीपासून करू. कारण या उपकरणांमागचा प्रश्न तेथील एका ग्रंथात स्पष्टपणे मांडलेला आढळतो.

२/ तो ग्रंथ म्हणजे शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव स्वतः तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंघण यादवाच्या दरबारी श्रीकरणाधिप होता, म्हणजे जमाखर्चाच्या खात्याचा प्रमुख. या हिशेबनिसाने सात अध्यायांत संगीतशास्त्र मांडले. त्यातला सहावा अध्याय वाद्यांचा.

३/ स्वर म्हणजे काय, हे सांगताना तो एक महत्त्वाचा भेद करतो. प्रथम ऐकू येते ती श्रुती. तिच्या पाठोपाठ येणारा, स्निग्ध, अनुरणनरूप आणि आपणहून श्रोत्याचे मन रंजवणारा तो स्वर. अनुरणन म्हणजे मागे घुमत राहणे. गिटारवादक ज्याला ‘सस्टेन’ म्हणतात, त्यासाठी याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

४/ मग अनुरणन संपते का? तारेची ऊर्जा वाद्याच्या लाकडात आणि हवेत झिरपते म्हणून. झोपाळा चालू ठेवायचा तर योग्य क्षणी पुन्हा ढकलावे लागते, तसेच तारेचे. फझ किंवा कॉम्प्रेसर तारेला ढकलत नाहीत. विरत चाललेला आवाज मोठा करून तो टिकल्याचा भास निर्माण करतात. ‘बिग मफ’ या प्रसिद्ध फझवरील एका खुंटीचे नावच ‘सस्टेन’ आहे, पण त्यामुळे तार अधिक काळ कंपत नाही. खऱ्या उपायांची पारख करताना म्हणून एकच प्रश्न विचारावा: तारेला ढकलते कोण?

५/ पहिले उत्तर: गज. राळ लावलेले केस तारेला धरतात, ओढतात, ती निसटते, पुन्हा धरतात. ‘संगीतरत्नाकरा’त गजाने वाजवायच्या पिनाकी वीणेचे वर्णन आहे. हेच तत्त्व गिटारवर आणण्याचा प्रयत्न इंग्लंडमधील ‘टेन सीसी’ या वाद्यवृंदाच्या केविन गॉडली आणि लोल क्रीम यांनी केला. मोटरवर फिरणारी छोटी चाके तारांना घासणारे त्यांचे ‘गिझमोट्रॉन’ १९७९ मध्ये बाजारात आले आणि अपयशी ठरले.

६/ दुसरे उत्तर: तंबोरा. येथे एकच तार अखंड वाजत नाही. चार तारा क्रमाने छेडल्या जातात. एकीचा नाद ओसरण्याआधी दुसरीचा सुरू होतो. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठावर तार अलगद घासते, तारेखाली सरकवलेला दोरा योग्य जागी बसला की जवारी खुलते आणि वरचे उपस्वर दीर्घकाळ झळकत राहतात. ही कला एकोणिसाव्या शतकापासून मिरजेत जोपासली गेली. पूर्वी शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कारागिरांनी ती वाढवली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

७/ तिसरे उत्तर: ध्वनिवर्धक. गिटारचा आवाज स्पीकरमधून इतका मोठा होतो की त्याच्या लहरी तारेलाच पुन्हा हलवतात. हाच फीडबॅक. बीटल्सने १९६४ मधील ‘आय फील फाइन’च्या आरंभी तो जाणीवपूर्वक वापरला, पुढे जिमी हेंड्रिक्सने त्याला वादनशैलीचा दर्जा दिला. पण कोणता स्वर टिकेल, हे खोली, स्पीकरपासूनचे अंतर आणि आवाजाची पातळी ठरवतात. हळू आवाजात हा उपाय चालत नाही.

८/ चौथे उत्तर: चुंबक. अमेरिकेतील ग्रेग हीट यांचा ‘ई-बो’ १९७६ मध्ये बाजारात आला. मुठीत मावणाऱ्या या यंत्रातील एक वेटोळे पोलादी तारेचे कंपन टिपते, दुसरे तेच कंपन वाढवून चुंबकीय बलाने तारेला परत देते. स्पीकर बंद असला तरी तार कंपत राहते. मर्यादा अशी की एका वेळी एकच तार वाजते आणि छेडणारा हात यंत्र धरण्यात गुंततो.

९/ हा हात मोकळा करायचा तर यंत्रणा गिटारमध्येच बसवावी लागते. कॅनडाच्या मायकेल ब्रुक यांनी १९८० च्या दशकात ‘इन्फिनिट गिटार’ घडवली. यू-टू वाद्यवृंदाच्या ‘विथ ऑर विदाउट यू’ (१९८७) मधील लांबलेले स्वर तिचेच. अ‍ॅलन हूव्हर यांच्या ‘सस्टेनियाक’मध्ये एका पिकअपच्या जागी तारा हलवणारा चुंबक बसतो. अनेक तारा एकत्र टिकतात, एक कळ फिरवली की मूळ स्वरातून वरचा उपस्वर फुलतो. मोल म्हणून बॅटरी सांभाळावी लागते आणि यंत्रणा बसवण्यासाठी वाद्यात फेरफार करावे लागतात.

१०/ थोडक्यात निवड अशी. एकाच तारेवर सारंगीसारखी रेष हवी आणि वाद्याला हात लावायचा नसेल, तर ई-बो. दोन्ही हात मोकळे हवे असतील, तर सस्टेनियाक. मोठा मंच आणि मोठा आवाज उपलब्ध असेल, तर फीडबॅक. यांपैकी खरोखर ‘अनंत’ एकही नाही: गजाला दिशा बदलावी लागते, बॅटरी संपते.

११/ आता अशा धाग्याखाली हमखास येणारा प्रतिसाद: “म्हणजे हा शोध आपल्याकडे आधीच लागला होता!” नाही. पिनाकी वीणेत विद्युतचुंबक नाही. ब्रुक यांनी पुढे यू. श्रीनिवास यांच्यासोबत ‘ड्रीम’ (१९९५) हा संग्रह केला. तेवढ्यावरून त्यांच्या गिटारची वंशावळ देवगिरीला जोडता येत नाही. दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणून त्यांत बाप-लेकाचे नाते सिद्ध होत नाही. शार्ङ्गदेवाचे श्रेय वेगळे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे: आघात आणि अनुरणन यांतला भेद त्याने शब्दांत पकडला. खोटे श्रेय चिकटवले की हे खरे श्रेय झाकले जाते.

१२/ शेवटचा मुद्दा आपल्या घरातला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला. आता तो मोबाइलमध्येही आहे. एकट्याने रियाझ करणाऱ्याची त्याने मोठी सोय केली. पण गुरूच्या मागे बसून तासन्‌तास तंबोरा छेडणारा शिष्य त्याच वेळी मैफल जवळून ऐकत असे, आणि तेच त्याचे शिक्षण असे. यंत्राने तारेला ढकलण्याचे काम घेतले, तेव्हा ती जागाही रिकामी होऊ लागली. इतिहास लिहिताना यंत्राच्या जन्मतारखेसोबत या रिकाम्या जागेचीही नोंद व्हावी. आपल्या घरी जुना तंबोरा असेल, तर तो कोण छेडत असे, हे खाली अवश्य लिहा.