वळीवडे : आश्रय आणि सामावून घेणे यांतील अंतर

प्रास्ताविक

युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या माणसांना आपल्या घरात व गावात थारा द्यावा की नाही, हा प्रश्न प्रत्येक पिढीसमोर नव्याने उभा राहतो. त्याचे उत्तर देताना आपण बहुधा 'अतिथी देवो भव' या वचनाचा आधार घेतो. कोल्हापूरजवळील वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात राहिलेल्या पोलिश निर्वासितांची हकीकतही आपल्याकडे याच वचनाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखात ही छावणी आणि तिच्याच जागी पुढे वसलेली सिंधी वसाहत यांचा एकत्रित विचार केला आहे. एकाच भूमीवर एकामागून एक आलेल्या या दोन समूहांची तुलना केली असता, आश्रय देणे आणि सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे दिसून येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. रशियाव्याप्त भागातील लाखो पोलिश नागरिकांना १९४०-४१ मध्ये सैबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यानंतर परिस्थिती पालटली. लंडनस्थित पोलिश सरकार व रशिया यांच्यात जुलै १९४१ मध्ये करार झाला आणि या लोकांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. १९४२ मध्ये जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणमध्ये पोहोचली. त्यांत स्त्रिया व मुले यांची संख्या मोठी होती. सैनिक युद्धभूमीकडे गेले. कुटुंबांना मात्र सुरक्षित ठिकाण हवे होते.

याच वर्षी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळील बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी निवास उभारला. त्याचा खर्च मुख्यतः संस्थानिकांच्या व खासगी देणग्यांतून भागविला गेला. १९४३ च्या मध्यापासून कराचीमार्गे आलेले निर्वासित वळीवड्यात पोहोचू लागले. पंचगंगेच्या परिसरातील या छावणीची लोकसंख्या पुढे सुमारे ५,००० झाली.

निर्णय कोणाचा होता?

वळीवड्याचे श्रेय पुष्कळदा कोल्हापूरच्या छत्रपतींच्या औदार्याला दिले जाते. तथापि छत्रपती राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते. गादीवर दत्तक घेतलेले बालक होते आणि कारभार रीजन्सी कौन्सिलकडे होता. छावणीचा निर्णय प्रामुख्याने ब्रिटिश हिंदुस्थान सरकार व लंडनमधील पोलिश सरकार यांच्या पातळीवरचा होता. निर्वाहखर्चाची जबाबदारीही त्या पोलिश सरकारने स्वीकारली होती. कोल्हापूरच्या रयतेचे मत विचारले गेले असण्याची शक्यता त्या काळात नव्हतीच. 'छोडो भारत' आंदोलनामुळे राष्ट्रीय नेते तुरुंगात होते. डिसेंबर १९४२ मध्ये याच संस्थानातील गारगोटीच्या सरकारी कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला व त्यांतील काहींना हौतात्म्य आले. पोलिश पाहुणे आले ते या घटनेनंतर अवघ्या सहा-सात महिन्यांनी.

काळही सुबत्तेचा नव्हता. विजापूर जिल्हा १९४२-४३ मध्ये दुष्काळाने होरपळत होता आणि १९४३ मध्ये बंगालच्या भीषण दुष्काळाला तोंड फुटले. १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून लाखो भारतीय पायपीट करीत मायदेशी आले. त्या परतीच्या वाटेवर युरोपीयांना व भारतीयांना मिळालेल्या वागणुकीतील भेद हा राष्ट्रीय टीकेचा विषय झाला होता. म्हणून पोलिश निर्वासितांची झालेली व्यवस्था केवळ भारतीय आतिथ्यशीलतेने स्पष्ट होत नाही. ते मित्रराष्ट्राचे नागरिक होते, युरोपीय होते आणि त्यांचा खर्च उचलणारे सरकार अस्तित्वात होते, या तिन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

असे असले तरी स्थानिक लोकांच्या वागणुकीचे महत्त्व उणे होत नाही. निर्णय वरून आला. शेजारधर्म मात्र गावाने पाळला. छावणीतील मुलांनी वृद्धापकाळी लिहिलेल्या व सांगितलेल्या आठवणींत कोल्हापूरविषयी जिव्हाळा आढळतो. सैबेरियातील उपासमारीनंतर भयमुक्त बालपण जेथे लाभले ते हे ठिकाण होते.

छावणीचे स्वरूप

वळीवडे हे जणू एक छोटे पोलिश गाव होते. तेथे प्रार्थनामंदिर, पोलिश माध्यमाच्या शाळा, रुग्णालय, बालवीर पथके व नाट्यप्रयोग होते. अंतर्गत कारभारही पोलिश अधिकाऱ्यांकडे होता. स्थानिक शेतकरी व व्यापारी यांच्याशी संबंध आला तो मुख्यतः खरेदी-विक्रीच्या निमित्ताने. विवाह करून येथेच स्थायिक झालेल्यांचे प्रमाण अत्यल्प होते. हे अंतर उभयपक्षी सोयीचे होते. कारण पाहुण्यांना परतायचे होते आणि यजमानांनाही तसेच वाटत होते.

परतीचे गृहीतक मात्र कोसळले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. अनेकांची घरे ज्या प्रदेशात होती तो प्रदेश रशियाला जोडला गेला. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली, तेव्हा कोणी ब्रिटनमध्ये, कोणी पोलंडमध्ये, तर कोणी अन्य देशांत विखुरले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतील पोलिश थडगी तेवढी येथे राहिली.

गांधीनगर : दुसरे निर्वासित

रिकाम्या होणाऱ्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना वसविण्यात आले आणि वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले. कल्याणजवळील लष्करी छावणीतून अशाच रीतीने उल्हासनगर उभे राहिले. तेथील पत्त्यांत 'कॅम्प नंबर' अद्याप टिकून आहे. या निर्वासितांचा खर्च उचलणारे परदेशी सरकार नव्हते आणि परतण्यासाठी देशही नव्हता. त्यांची भाषा वेगळी होती, पण नागरिकत्व समान होते. जागा, व्यापार, शाळा व मतदान या सर्व बाबतींत त्यांना भागीदार करून घेणे अपरिहार्य होते. आज गांधीनगरची घाऊक कापड बाजारपेठ पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील व्यापाऱ्यांना परिचित आहे.

येथे आणखी एक वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. १९४८ च्या प्रारंभी, गांधीहत्येनंतर, याच कोल्हापुरात ब्राह्मणांची घरे व व्यवसाय जाळण्यात आले. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगीत सापडला. परक्यांना आसरा देणाऱ्या शहराने त्याच काळात आपल्यातल्यांना बेघर होताना पाहिले. आतिथ्य हा एखाद्या समाजाचा जन्मजात गुण आहे, हे मत या घटनेपुढे टिकत नाही.

समारोप

वॉर्सॉमध्ये जामसाहेबांच्या स्मरणार्थ 'भला महाराजा' नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरचे ऋण व्यक्त करणारे स्मारकही आहे. २०१९ मध्ये वळीवड्याच्या माजी रहिवाशांनी कोल्हापूरला भेट दिली, तेव्हा त्यांचे भव्य स्वागत झाले. हा स्नेह मोलाचा आहे. परंतु गांधीनगरच्या निर्वासितांसाठी असा कोणताही सोहळा होत नाही, कारण ते परत गेले नाहीत. निरोप घेतलेला पाहुणा स्मृतीत राहतो. राहून गेलेला शेजारी होतो, आणि शेजाऱ्याचे ऋण कोणी मोजत नाही. वस्तुतः समाजाची खरी कसोटी या दुसऱ्या प्रसंगी लागली होती.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि आपल्याकडे स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे दर वेळी निर्णय त्या त्या समूहाविषयीच्या तत्कालीन भावनेवर व राजकारणावर अवलंबून राहतो. वळीवड्याचा इतिहास सांगतो की करुणेला खर्चाची तरतूद, निश्चित जबाबदारी व कायद्याचा आधार लागतो. दार उघडावे काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देणे इष्टच आहे. मात्र आत आलेला माणूस परत गेलाच नाही तर त्याला कोणते स्थान देणार, याचे उत्तरही त्याच वेळी तयार असले पाहिजे.