चितळकरांचा ठेका आणि लोंढ्याचा फलाट

सिनेसंगीताच्या इतिहासात लोंढा जंक्शनचं नाव कुणी घेत नाही. मी घेतो, कारण मी इथलाच. १९५५ साली सरहद्द बंद होईपर्यंत गोव्याहून मुंबईला आगगाडीने जायचं तर वाट हीच: कुळे, दूधसागरचा घाट, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज. पुण्याला मीटरगेज संपायची, की सामान उचलून मोठ्या गाडीत. कुळ्याला पोर्तुगीजांची जकात, कॅसलरॉकला इंग्रजांची, पुढे भारताची. पेट्या दोनदा उघडायच्या. बोटीनेही लोक जात म्हणा. पण चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली, व्हायोलिन-ट्रम्पेट वाजवणारी गोव्याची पोरं पोटासाठी मुंबई गाठत, ती या वाटेनेही.

तिथे त्यांना गिऱ्हाईक भेटलं पुणतांब्याचं. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. जन्म १९१८. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले, मिनर्व्हा मूव्हीटोन या चित्रपट कंपनीत पेटी वाजवलेले. ‘शहनाई’ (१९४७) आला तेव्हा वय अवघं २९, आणि ‘आना मेरी जान’मध्ये काय काय घातलंय! शीळ, गिटार, तोंडाचा बाजा, साहेबी ऐटीची टिंगल, वर स्वतःचाच आवाज. चार वर्षांनी ‘अलबेला’त ‘शोला जो भडके’ला बोंगो आणि ट्रम्पेट, तर त्याच चित्रपटातली अंगाई पिलूच्या वळणाची. हा माणूस सोवळं पाळणारा नव्हता, हेच मला आवडतं.

पण ट्रम्पेट फुंकणारा कोण? हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत गाजलेला चिक चॉकलेट. तो चितळकरांचा सहायक होता. ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. चाल चितळकरांची खरी, पण ती कागदावर उतरवून पंचवीस जणांकडून वाजवून घ्यायची तर स्वरलिपी लिहिणारा हवा, आणि ती विद्या गोवेकरांकडे. त्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतली कमाई आटली आणि वादक स्टुडिओकडे वळले. तेव्हाचे मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी सिनेसंगीतावर केलेला हा उपकार त्यांच्या मनातही नसेल.

या गोष्टीतलं दुसरं मराठी नाव बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचं. १९५२ मध्ये ते केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. चितळकरांचं ‘इना मीना डिका’ (१९५७) घरोघर पोचलं, ते केसकरांना न जुमानता.