दोन मिनिटे आणि बसऱ्याची भिंत

युद्धातील मृतांसाठी दोन मिनिटे स्तब्ध राहण्याची प्रथा मूळची केपटाऊनची. १९१८ साली तेथे दुपारच्या तोफेबरोबर सारे शहर थांबत असे. महायुद्धात मुलगा गमावलेल्या पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी ती लंडनला सुचवली आणि पंचम जॉर्जच्या आवाहनावरून ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी ११ वाजता साम्राज्यात ती पाळली गेली. मौनात कोणाचे नाव उच्चारावे लागत नाही. तेथे सारे मृत सारखेच. दगडावर मात्र तसे घडले नाही. मेसोपोटेमियात मराठा पलटणीही लढल्या होत्या. पण १९२९ साली अनावरण झालेल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. (त्यांची वाट पाहणारे घरी कोणी नव्हते असे थोडेच!) राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने अशा भेदाबद्दल माफी मागितली, ती २०२१ साली.