आरमधले दोन आलेख एका पानावर कसे आले

आर या सांख्यिकी भाषेत काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी ही अडचण येतेच. डावीकडे साध्या 'प्लॉट'ने काढलेला आलेख हवा असतो, उजवीकडे जीजीप्लॉट२ या पॅकेजचा. 'पार' ही आज्ञा देऊन पानाचे दोन भाग केले की पहिला आलेख निमूट आपल्या जागी बसतो. दुसरा मात्र ती विभागणी जुमानत नाही. नवं पान घेतो आणि सगळं व्यापून टाकतो.

याचं कारण आरच्या इतिहासात आहे. जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एस ही भाषा घडवायला घेतली. तिची चित्र काढण्याची रीत कागदावरच्या शाईसारखी होती : रेघ ओढली की ओढली, तिला पुन्हा हात लावता येत नाही. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात आर रचली, तेव्हा त्यांनी हीच रीत उचलली. २९ फेब्रुवारी २००० रोजी आरची १.०.० आवृत्ती आली.

दरम्यान बेलमध्येच विल्यम क्लीव्हलंड, रिक बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी ट्रेलिस ही पद्धत मांडली होती : एकाच मापाच्या छोट्या चौकटी ओळीने लावायच्या आणि एका नजरेत तुलना करायची. मिनेसोटातल्या सहा ठिकाणी, १९३१ आणि १९३२ साली घेतलेल्या बार्लीच्या दहा वाणांचं उत्पन्न त्यांनी असं मांडलं. पाच ठिकाणी १९३१चं पीक सरस दिसत होतं, मॉरिस या एकाच ठिकाणी उलट. तिथल्या वर्षांची अदलाबदल झाली असावी, असं क्लीव्हलंड यांनी सुचवलं. या निष्कर्षावर पुढे वादही झाला. पण सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या ग्रंथातही वापरलेल्या या आकड्यांमधली विसंगती चौकटींनी डोळ्यांसमोर आणली, हे खरं.

असं काम आरमध्ये करायला जुनी रीत अपुरी होती. ऑकलंडच्याच पॉल मरेल यांनी ग्रिड ही नवी व्यवस्था रचली. तिच्यात चौकटीत चौकट बसते आणि काढलेली प्रत्येक वस्तू नावानिशी हाताशी राहते. पुढे दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्राध्यापक झालेले दीपायन सरकार यांनी तिच्यावर ट्रेलिसच्या धर्तीचं लॅटिस हे पॅकेज उभारलं. लेलँड विल्किन्सन यांच्या १९९९च्या ग्रंथातला विचार घेऊन हॅडली विकहॅम यांनी २००७ साली आणलेलं जीजीप्लॉट२ही ग्रिडवरच उभं आहे. म्हणजे आरमध्ये दोन घराणी झाली. कागद एकच, पण कुणी कुठे काय काढलं याची एकाची नोंद दुसऱ्याकडे नाही.

सांधा जोडायचं कामही मरेल यांनीच अंगावर घेतलं. २००३च्या सुमारास त्यांनी ग्रिडबेस हे पॅकेज आणलं. जुन्या आलेखाच्या सीमा मोजून ते ग्रिडला तशाच चौकटी आखून देतं. स्तंभालेखाच्या अक्षाखालची लांबलचक नावं जुन्या रीतीतल्या अक्षाच्या आज्ञेला आडवी किंवा उभीच लिहिता येत. आता ग्रिडकडून ती तिरकी लिहून घेता आली. पण जुना आलेख अजून शाईच होता.

२०१५ साली मरेल यांनी ग्रिडग्राफिक्स या पॅकेजची मांडणी प्रसिद्ध केली. चित्र काढताना दिलेल्या आज्ञांची यादी आर स्वतःपाशी ठेवत असते. 'ग्रिड डॉट इको' ही आज्ञा ती यादी वाचते आणि तेच चित्र ग्रिडमध्ये पुन्हा काढते. मग जुन्या आलेखातल्या ठिपक्यांनाही नाव मिळतं, त्यांचा रंग मागाहून बदलता येतो, आणि अख्खा आलेख उचलून दुसऱ्या चौकटीत ठेवता येतो.

क्लाउस विल्के यांचं काउप्लॉट आणि थॉमस लिन पेडरसन यांचं पॅचवर्क ही आज आलेख जुळवण्याची लोकप्रिय साधनं आहेत. जीजीप्लॉट२च्या आलेखाशेजारी जुना आलेख बसवायचा झाला, की दोन्ही साधनं ग्रिडग्राफिक्सचीच मदत घेतात.