ऑफसाइड : झेंडा कधी वर जातो?

बेळगावचं लेले मैदान असो की निपाणीकरांना जवळचं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, ऑफसाइडवरून पंचांना शिव्या ठरलेल्याच. बऱ्याचदा प्रेक्षक चुकीचा क्षण बघतो. पास मिळाला तेव्हा नव्हे, सहकाऱ्यानं चेंडू मारला त्या क्षणी खेळाडू कुठं होता, ते बघायचं. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या (गोलकीपर धरून) पुढं असेल आणि मग खेळात भाग घेतला, तरच ऑफसाइड. दोघे एका रेषेत? ऑफसाइड नाही, हा बदल १९९० चा. थ्रो-इन, कॉर्नर, गोलकिकवरून थेट चेंडू मिळाला तरी नाही. इथं व्हीएआर नाही. लाइनमनला पास देणारा आणि ती रेषा एकाच वेळी बघावी लागते. तो स्वतःच मागं राहिला असेल, तर मात्र ओरडा रास्त.