दुखण्याचं फाटक

देकार्त हा माणूस आपल्याला भेटतो तो एक्स आणि वाय अक्षांच्या चौकात. आधी बारावीला, मग इंजिनिअरिंगच्या एम-वनला, आणि नशीब वाईट असेल तर एटीकेटीमुळे परत एम-वनलाच. पण या गृहस्थांनी आणखी एक आकृती मागे ठेवली. माझ्या मते ग्राफपेपरपेक्षा तिनं जास्त लोकांच्या आयुष्यात ढवळाढवळ केलीय.

ही आकृती 1664 सालच्या पुस्तकात आहे, म्हणजे ते वारल्यानंतर 14 वर्षांनी फ्रेंचमध्ये छापलेल्या. एक मुलगा, त्याच्या पायाशी जाळ, आणि पायापासून मेंदूपर्यंत गेलेला एक बारीक दोरा. जाळाची धग लागली की दोरा ओढला जातो आणि वर घंटा वाजते. बास. दुखणं म्हणजे घंटा. जितका जोरात ओढाल तितका मोठा टोला.

आपल्यासारख्या लोकांना हे मॉडेल लगेच पटतं. सेन्सर, वायर, अलार्म. अलार्म वाजतोय ना? मग वायरच्या त्या टोकाला बिघाड आहे. शोधा, दुरुस्त करा, नाही जमलं तर तो पार्टच काढून टाका. वैद्यकशास्त्र जवळजवळ 300 वर्षं ढोबळमानानं याच हिशोबानं चाललं.

माझी एक मामेबहीण आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच निघतं) फिजिओथेरपी करतेय. गेल्या दिवाळीत तिची वही चाळायला घेतली आणि हे सगळं डोक्यात घुसलं. वहीत 'वेदना' हा वेगळा विषय होता. ती म्हणाली, "दादा, आम्हाला आता घंटा शिकवत नाहीत, फाटक शिकवतात."

फाटकाकडे येतोच. पण आधी हे लोक कुठून आले ते बघू. इंग्लंडमध्ये 1894 साली चार नर्सबाईंनी मालिश करणाऱ्यांची एक संस्था काढली, तिथून या पेशाची अधिकृत सुरुवात धरतात. आपल्याकडे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पहिलं विद्यालय निघालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. निमित्त होतं पोलिओची साथ. म्हणजे समोरचा पेशंट कोण, तर पाय लुळे पडलेलं मूल. त्याचा मुख्य प्रश्न दुखण्याचा नसून ताकदीचा. त्यामुळे स्नायू, सांधे, कॅलिपर, व्यायाम यांवर भर राहिला असेल तर नवल नाही. दुखतंय? शेक द्या.

घंटेच्या मॉडेलला पहिला मोठा तडा युद्धात गेला. 1944 साली इटलीत अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिक तपासत होता. शरीराच्या चिंधड्या उडालेले लोक, आणि मॉर्फिन मागणारे त्यातले थोडेच. 1956 साली त्यानं याची तुलना बोस्टनमध्ये ऑपरेशन झालेल्या साध्या नागरिकांशी केली. सैनिकांतल्या साधारण तिघांपैकी एकाला औषध हवं होतं, नागरिकांतल्या दहापैकी आठांना. जखमा उलट सैनिकांच्या मोठ्या. बीचरचं म्हणणं असं की सैनिकाला जखम म्हणजे घरी जायचं तिकीट होतं. दोरा तोच, ओढ जास्त, आणि घंटा हळू? इथे मॉडेल फसलं.

मग 1965. रोनाल्ड मेलझॅक हा कॅनडाचा मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हा ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञ, या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, पायापासून मेंदूपर्यंत सरळ वायर नाहीच. मज्जारज्जूत, म्हणजे वाटेतच, एक फाटक आहे. इजेची खबर आणणाऱ्या बारीक तंतूंमुळे ते उघडतं. स्पर्श-दाबाची खबर आणणाऱ्या जाड तंतूंमुळे ते मिटायला लागतं. आणि वरून मेंदू स्वतःही हुकूम धाडतो, उघडा किंवा लावा. गुडघा आपटला की आपण 'आई गं' म्हणत तो चोळतो ना, ते म्हणजे जाड तंतूंना कामाला लावणं. आजी हेच करत होती, फक्त पेपर पब्लिश करायचं राहून गेलं :)

त्या लेखातले काही तपशील पुढे चुकीचे ठरले, पण चौकट टिकली. त्यावरूनच टेन्सचं मशिन आलं, ते कातडीला मुंग्या आणणारं, फिजिओच्या दवाखान्यात तुम्ही पाहिलं असेल. 1978 साली दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या एका प्रयोगात दिसलं की नुसत्या खोट्या औषधानं मिळालेला आरामसुद्धा नालॉक्सोननं पुसला जातो. नालॉक्सोन हे मॉर्फिनची वाट अडवणारं औषध. म्हणजे तो आराम 'मनाचे खेळ' नव्हते, शरीर खरोखर स्वतःचं मॉर्फिन गाळत होतं. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फनं उलटी बाजू दाखवली: सतत मारा झाला की मज्जारज्जू स्वतःच हळवा होतो आणि साध्या स्पर्शालाही बोंबलतो. आपल्या भाषेत, थ्रेशोल्ड खाली आला आणि अलार्म ऊठसूट वाजायला लागला.

हे सगळं माहीत असूनही फिजिओच्या विद्यार्थ्यांना काय शिकवावं याचा आराखडा वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं काढला तो 1994 साली. मेलझॅक-वॉलनंतर 29 वर्षांनी! लेगसी सिस्टीम फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.

आता शब्दांबद्दल. मेलझॅकनं 1975 साली एक प्रश्नावली केली, त्यात दुखण्याचे 78 शब्द 20 गटांत लावलेत. मी वाचलं आणि म्हटलं, इतकंच? ठणका, कळ, चमक, ठुसठुस, उसण, सल, रग, मुंग्या, आग, टोचणी, कणकण, भरून येणं, अंग मोडून येणं... आणि यातला प्रत्येक शब्द वेगळी खबर देतो. 'आग होते, मुंग्या येतात, करंट मारतो' म्हटलं की बहिणीचे कान टवकारतात, कारण ते मज्जातंतूकडे बोट दाखवणारं असू शकतं. 'रग लागलीय' म्हणजे बहुधा स्नायू दमलेत. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या तिच्या मैत्रिणींना हे शब्द पाठ करावे लागतात. पेशंटला 'एक ते दहात किती?' विचारलं तर तो म्हणतो, 'लई.'

आणि आमच्या जिल्ह्यात हा पेशंट बऱ्याचदा उसाशी बांधलेला असतो. लोणीला 1950 साली आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून. त्याच लोणीत पुढे मेडिकल कॉलेज आलं, फिजिओथेरपीचं कॉलेजही. दुसरं नगरजवळ विळद घाटात. कारखान्याच्या फडात येतात ते बीडचे आणि आमच्याच पाथर्डी-शेवगावचे तोडकरी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पहाटेपासून वाकून तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस बसलात तर खाडा, म्हणजे दंड.

घंटेच्या मॉडेलची इथली किंमत बघा. ओटीपोटात, कमरेत दुखतंय? पिशवी काढा. बीड जिल्ह्यातल्या प्रकारानंतर 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांवर जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं बरीच होती: खाडा, भीती, अज्ञान, पैसा. पण 'दुखतो तो पार्ट काढा' या तर्काशिवाय बाकीच्यांचं फावलं नसतं असं मला वाटतं.

आपल्या कंबरेचं वेगळं. 2015 साली जुन्या अभ्यासांचा एक एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. पाठीचं काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी 30 टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये डिस्क फुगलेली, ऐंशीतल्यांत 84 टक्के. त्यामुळे एमआरआयवर 'डिस्क बल्ज' वाचून लगेच मृत्युपत्र करायची गरज नाही. 1986 चा एक प्रयोग असंही सांगतो की कंबरदुखीत दोन दिवस झोपून राहिलेले लोक सात दिवसवाल्यांइतकेच बरे झाले, फक्त कामावर लवकर परतले. म्हणून हल्ली शिकवतात: रुग्णाला समजावा, घाबरू नको, हळूहळू हालचाल कर.

खुर्चीवाल्यांसाठी हे झकास आहे. पण माझी बहीण म्हणते, तोडकरीण बाई हालचालीला घाबरतच नाही, तिला थांबायचीच सोय नाही. तिला 'दुखणं मेंदूत तयार होतं' असं सांगितलं तर ती समजणार, ही मला सोंग करते म्हणतेय. मुकादम तेच म्हणत असतो. मग ही पोरगी काय करते? फळी चढताना मोळी कुठे टेकवायची, आळीपाळीनं तोडणं आणि बांधणं कसं करायचं, दुपारी दहा मिनिटं पाठ जमिनीला कशी लावायची, एवढं शिकवते. मोळी थोडी लहान बांधा असंही ती सांगून पाहते. त्यावर एका बाईंनी तिला विचारलं, "पन खेपा वाढत्याल त्येचं काय?"

या प्रश्नाला वहीत उत्तर नाही. ती अजून हिशोब करतेय, किती वजनाला किती खेपा.